गाडी कुठे लावायची ते नंतर पाहू

प्रश्न (नाशिक, वय 38): मार्च 2027 मध्ये आम्ही चौघे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर 18 रात्री मोटरहोमने (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) फिरणार आहोत. हॉलिडे पार्क (अशा गाड्यांसाठीचे पैसे देऊन राहायचे तळ) टाळून फुकटच्या जागी मुक्काम केला तर किती वाचतील? एकूण खर्च 9 लाख आहे. नोव्हेंबर 2024 पासून युलिपमध्ये (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) वर्षाला 3 लाख भरतोय. एजंट म्हणाला, तीन हप्त्यांनंतर पैसे काढता येतात आणि ते करमुक्त असतात. हप्ता झेपावा म्हणून 1 कोटीचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) बंद केला, त्यातून काही परत मिळत नव्हतंच. गृहकर्ज 42 लाख बाकी आहे.

उत्तर: वाचतील साधारण 50 हजार. वीजजोड असलेल्या जागेला चौघांचे रात्रीचे 80 न्यूझीलंड डॉलर आणि डॉलरचे 50 रुपये धरा. 18 च्या 18 रात्री मात्र फुकट निघणार नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी शौचालयाची आणि सांडपाण्याची टाकी डंप स्टेशनवर रिकामी करायची, पाणी भरायचं, बॅटरी चार्ज करायची. म्हणून दर तिसरी रात्र पार्कात, उरलेल्या 12 बाहेर. गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय आणि काचेवर गाडी स्वयंपूर्ण असल्याचं हिरवं प्रमाणपत्र हवं. त्यावरची माणसांची संख्या चार आहे ना, ते बुकिंगआधीच विचारा. प्रत्येक कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेचे, नियम वेगळे, त्यामुळे जागेवरची पाटी वाचा. दंड शेकडो डॉलरचा असतो, तो तुमच्याच कार्डावर येतो.

आता जे विचारलं नाहीत ते. युलिपचं लॉक-इन, म्हणजे पैसे अडकून राहण्याची मुदत, पाच वर्षांचं, तीनचं नाही. नोव्हेंबर 2029 पर्यंत त्यातला एक रुपया हाती येणार नाही. करमुक्त म्हणाल, तर 1 फेब्रुवारी 2021 नंतर घेतलेल्या आणि वर्षाला अडीच लाखांहून जास्त हप्त्याच्या युलिपच्या नफ्यावर भांडवली नफा कर लागतो. दोन्ही बाबतीत तुम्हाला चुकीचं सांगून पॉलिसी विकली गेली.

यात विमा म्हणाल, तर सहसा हप्त्याच्या दहापट, म्हणजे 30 लाख. कर्जच 42 लाखांचं! टर्मचं काही परत मिळत नाही, हे खरं. म्हणूनच तर तो वर्षाला 15-20 हजारांत 1 कोटी देतो.

क्रम चुकवू नका. आधी टर्म. जुना प्लॅन पाच वर्षांच्या आत थकबाकी, व्याज आणि तब्येतीची कागदपत्रं देऊन चालू होऊ शकतो. नव्याचाही भाव काढा, जो स्वस्त पडेल तो घ्या. पॉलिसी हातात आली की मगच युलिपचा तिसरा हप्ता थांबवा, कारण हप्ता थांबला की ते 30 लाखांचं कवचही जातं. भरलेल्या 6 लाखांचं तेव्हा जे फंडमूल्य असेल, ते काही हजार वजा होऊन किमान 4 टक्क्यांच्या फंडात 2029 पर्यंत पडून राहील. राहू द्या ते.

सहल मार्च 2028 ला ढकला. वाचलेले दोन हप्ते 6 लाख, शिवाय महिना 18 हजार बाजूला टाकलेत तर उरलेले 3. सगळं एफडीत, शेअर बाजारात नाही. गाडीच्या डिपॉझिटसाठी त्यातले 4 लाख मोडावे लागतील असं समजू नका: गाडीच्या मूळ विम्यावर ती घेतलीत तर कंपनी साडेसात हजार डॉलरपर्यंत क्रेडिट कार्डावर रोखून धरू शकते. कार्डावर तेवढी मर्यादा नसेल तर दिवसाला 50 डॉलर जास्त देऊन पूर्ण संरक्षण घ्या. ते 45 हजार खर्चात धरा.

नोव्हेंबरात एजंट हप्त्यासाठी फोन करेल. 'तीन हप्त्यांनंतर पैसे काढता येतात' हे शब्द लेखी मागा.