रेडीमेड प्रोजेक्ट घेऊ नका, लेकीला उसात उतरू द्या

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय की मुलगी ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) थर्ड इयरला आहे, तिला वायरलेस सेन्सर नेटवर्कवर, म्हणजे बिनतारी डेटा पाठवणाऱ्या सेन्सरांच्या जाळ्यावर, प्रोजेक्ट करायचाय, बाहेर रिपोर्टसकट तयार मिळतो, तर तो घेऊन तिनं प्लेसमेंटचा अभ्यास करावा का. माझं स्पष्ट मत, घेऊ नका. नोडची (जाळ्यातल्या एका सेन्सर-डबीची) बॅटरी किती टिकली, डेटा मधेच का बंद पडला, मग तू काय केलंस, इंटरव्ह्यूत हेच विचारतात आणि ते हातानं केलेल्यालाच सांगता येतं.

करवीर तालुक्यात तुमचा ऊस आहे म्हणता, मग लॅब घरचीच की! ईएसपी32 चे (वायफाय असलेली कंट्रोलर चिप) दोन बोर्ड, लोराचे (कमी बॅटरीत लांबवर डेटा पाठवणारा रेडिओ) दोन मॉड्यूल, मातीचा ओलावा मोजणारा एक कपॅसिटिव्ह मॉइश्चर सेन्सर, एवढ्यावर सुरू होतं. दोन दांड्यांचा स्वस्तातला सेन्सर नको, त्यातनं करंट जाऊन दांड्या गंजतात आणि रीडिंग भरकटतं. लोरा 865 ते 867 मेगाहर्ट्झवालाच बघून घ्या, आपल्याकडे तिथं लायसन्स लागत नाही.

खरं शिक्षण बॅटरीत आहे बघा. नोड सतत जागा राहून 80 मिलिअँपिअर ओढत असला तर 2000 एमएएचचा सेल 25 तासांत संपला, म्हणून डीप स्लीप वापरायचं, म्हणजे दोन रीडिंगच्या मधे चिप झोपवायची, त्यात चिप मायक्रोअँपिअरवर येते पण बोर्डवरचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आणि लाल एलईडी करंट खातच राहतात, त्यामुळं कागदावर निघालेले महिने शेतात मिळत नाहीत. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून हे तिनं स्वतः मोजू दे, पुस्तकातनं हे डोक्यात बसत नाही.

दुसरं म्हणजे ऊस स्वतःच सिग्नल खातो. लावण लहान असताना वायफाय बांधापर्यंत येतं, पण ऊस डोक्यावर गेला की 2.4 गीगाहर्ट्झचा सिग्नल ओल्या पानांत जिरतो. दर आठवड्याला उसाची उंची आणि वायफाय, लोरा दोन्हीचा आरएसएसआय (सिग्नल किती जोरात पोचतो त्याचा आकडा) वहीत लिहीत गेली तर असा तक्ता विकतच्या रिपोर्टात कुठनं येणार? आणि अँटेना काठीवर वर का बांधली हे तिला कुणी शिकवावं लागणार नाही.

सोबत सी प्रोग्रॅमिंग पक्कं करू दे, एसपीआय आणि आयटूसी (चिप आणि सेन्सर एकमेकांशी बोलतात त्या पद्धती) कसं चालतं ते नीट समजू दे, एम्बेडेडच्या, म्हणजे उपकरणातल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या, नोकरीला हे लागतंच. सिनॉप्सिसमध्ये (कॉलेजला द्यायच्या प्रोजेक्टच्या थोडक्यात आराखड्यात) स्मार्ट शेती वगैरे मोठं नाव नको, दोन नोड आणि ओलाव्याचं रीडिंग एवढंच लिहा, चाललं तर तिसरा नोड वाढवता येतो. सुरुवात मात्र याच सुट्टीत करा, फायनल इयरची वाट बघू नका.