‘नाहीतर’ म्हणणारा आवाज

“मॅडम, हा देवाचा आवाज आहे की माझंच मन बोलतंय, हे ओळखायचं कसं?” ठाण्यात समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न वारंवार येतो. स्थळ पसंत पडलेला पण होकार देताना अडखळणारा तरुण तो विचारतो, परदेशातल्या नोकरीचं पत्र हातात असलेली मुलगी विचारते, धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत जायचं म्हणणाऱ्या मुलाचे वडील विचारतात. बहुतेकांना एखादी खूण हवी असते. खुणेपेक्षा भरवशाची वाट आहे, पण ती हळू आहे. ती कशी चालायची हे एका उदाहरणातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोघींच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.

ती ऐरोलीची. वय एकतीस, खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. घराणं मूळ नगरकडचं, तीन पिढ्या चर्चच्या मंडळीत. वडील नाहीत, आईला मधुमेह, घराचा हप्ता महिना १८,०००. कोपरखैरण्याच्या एका घरगुती प्रार्थनासभेत एका ज्येष्ठ बाईने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “प्रभू मला दाखवतोय, चाळीस दिवसांत तू नोकरी सोडून पूर्णवेळ प्रभूच्या सेवेत येशील. आईला आताच सांगू नकोस, ती आडवी येईल.”

ती आली तेव्हा बारावा दिवस होता. रात्रपाळी आणि उपास एकदमच चालले होते. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं तर देवापासून पळणाऱ्या योनाचं पुस्तक निघालं. तिने ठरवलं, आपण देवापासून पळतोय. दुसऱ्यांदा उघडलं, पुन्हा इशाराच वाटला. तिसऱ्यांदा वंशावळी निघाली, तेव्हा देव आपल्याशी बोलायचा थांबला असं वाटून ती रडत बसली.

पहिल्या भेटीत देवाचा विषय मी काढलाच नाही.

“काल काय जेवलात?”

“उपास आहे.”

“झोप?”

“तीन तास. कधी चार.”

मग तिला पवित्र शास्त्रातल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचायला दिला. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. त्या क्षणी देव त्याला आज्ञा देत नाही, जाबही विचारत नाही. तो झोपतो, देवदूत उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. मग चाळीस दिवसांची चाल, होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी, आणि त्यानंतर तो मंद स्वर. हा अध्याय तिने लहानपणापासून ऐकलेला होता, पण भाकरीकडे तिचं लक्ष कधी गेलं नव्हतं.

त्या दिवशी तीन गोष्टी ठरल्या: रात्रपाळीत उपास नाही, ड्यूटीनंतर किमान सहा तास झोप, आणि दोन आठवडे कसलाही निर्णय नाही. तिने विचारलं, “मुदत टळली तर?” मी एवढंच म्हटलं, “मुदत देवाने घातली असेल, तर तुम्ही झोपलात म्हणून ती मोडणार नाही.”

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कानांना आज्ञा ऐकू येत असतील, कित्येक रात्री झोपेविना उलट उत्साह वाढत असेल, एकाच पापाची कबुली दिवसातून दहादा देऊनही मन शांत होत नसेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर ती पारख करण्याची वेळ नाही. आधी मनोविकारतज्ज्ञ. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही. तिच्या बाबतीत मी हे सगळं विचारून घेतलं होतं; यातलं काही नव्हतं.

दुसऱ्या भेटीत वही सुरू झाली. ही पद्धत लोयोलाच्या संत इग्नेशियसकडून, म्हणजे कॅथलिक येशूसंघाच्या संस्थापकाकडून घेतलेली आहे, आणि इतक्या वर्षांत मला तिच्याहून नेमकी पद्धत सापडलेली नाही. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून तो घरी खिळून पडला. वाचायला ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र तेवढंच होतं. पडल्या पडल्या तो कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं बघे, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही स्वप्नं रंगली की गोडच वाटत. फरक नंतर कळे. पहिलं ओसरलं की मन कोरडं, उदास. दुसरं ओसरलं तरी आनंद मागे उरे. पुढे त्याने मनातल्या प्रेरणांच्या पारखीचे जे नियम लिहिले, आधी चौदा, मग आठ, त्यांचं मूळ या निरीक्षणात आहे. विचार येताना कसा वाटला यापेक्षा जाताना काय ठेवून गेला, हे बघायचं.

ती जरा बिचकली. “आम्ही प्रोटेस्टंट. हे चालेल?” मी योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय उघडून दिला: प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, त्यांची परीक्षा करा. आज्ञा प्रेषिताची आहे. इग्नेशियसने ती पाळायची कशी ते लिहून ठेवलं, इतकंच.

वहीत तीन रकाने. पहिल्यात वेळ, जागा आणि शरीराची अवस्था: भूक, झोप, थकवा. दुसऱ्यात विचार, जसा आला तशाच शब्दांत; सुधारून, भक्तिमय करून नाही. तिसरा रकाना दोन तासांनी भरायचा: आता मनात काय उरलंय? लिहायचं दिवसातून दोनदा, घड्याळ लावून दहा मिनिटं. जास्त नाही, कारण हळव्या सद्सद्विवेकाच्या माणसाला वहीचंही व्यसन लागतं. सगळ्यात जास्त चुका तिसऱ्या रकान्यात होतात. लोक तो लगेच भरून टाकतात, आणि मग हाती लागते ती फक्त पहिली लाट.

चौथ्या भेटीला तेहतिसावा दिवस होता. चौदा दिवसांची वही तिने टेबलावर ठेवली. सेवेचा विचार जिथे जिथे आला तिथे लाल खूण करायला सांगितली. सतरा खुणा झाल्या. मग एकेक मोठ्याने वाचायला सांगितलं.

“रात्री अडीच, घरी, झोप नाही. नोकरी सोड, नाहीतर आईला काहीतरी होईल. दोन तासांनी: छातीत धडधड. आईचे श्वास मोजले.”

“दुपारी, ग्रुपवर मेसेज आल्यावर. सगळे पुढे गेले, तू निघ, नाहीतर कृपा उठेल. दोन तासांनी: कुणाशी बोलावंसं वाटत नाही.”

बहुतेक नोंदी अशाच होत्या. बाराव्या की तेराव्या खुणेला तिचा आवाज बदलला.

“पहाटे चार, वॉर्ड. पाय दुखतायत. सकाळी ऑपरेशन असलेल्या आजींनी हात धरला, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणाल्या. पाच मिनिटं बसले. आयुष्यभर हेच करावं असं वाटलं. दोन तासांनी: अजून हलकं वाटतंय. भूक लागली.”

ती बराच वेळ गप्प राहिली. पान मागे उलटलं, परत पुढे आणलं.

“मॅडम, दोन्हीकडे सेवाच आहे.”

“हो.”

“पण इथे ‘नाहीतर’ नाही.”

हा शब्द मी तिला दिला नव्हता. तिच्याच वहीत चौदा वेळा होता. खरं तर तोवर मीही ‘नोकरी की सेवा’ हाच पेच धरून चालले होते. तिच्या वाक्याने तो पेच बाजूला सारला. सेवेची ओढ खरी होती, आणि भीती त्याच ओढीचा आवाज काढून बोलत होती. इग्नेशियस म्हणतो, विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तपासा. आरंभ पवित्र दिसला तरी साप ओळखू येतो तो शेपटीवरून. तिच्या बाबतीत शेपूट म्हणजे ‘नाहीतर’. देवाकडे चाललेल्या माणसाला चांगली प्रेरणा कशी येते याला त्याने दिलेली उपमाही तिला पटली: स्पंजात मुरणारा थेंब. उलट प्रेरणा दगडावर आपटल्यासारखी, आवाज करत येते.

यावरून प्रत्येक अस्वस्थता सैतानाची असं कुणी समजू नये. याच नियमांच्या सुरुवातीला लिहिलंय की जो चुकीच्या वाटेने चालला आहे त्याला चांगला आत्माच टोचतो. कुणी हिशेबात गफलत केली असेल आणि रात्री डोळा लागत नसेल, तर ती तळमळ देवाची देणगी आहे. तिला श्वासाच्या व्यायामाने झोपवू नये. मग फरक कसा करायचा? करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल दोन दुःखं सांगतो, एक पश्चात्तापाकडे नेणारं, दुसरं मरणाकडे. देवाची टोचणी ठरावीक कृतीवर बोट ठेवते आणि दार उघडं सोडते: हे पैसे परत कर, त्याची क्षमा माग. आरोप करणारा आवाज मोघम असतो, ‘तू अशीच आहेस’ म्हणतो, आणि दार लावून घेतो.

तिचा पुढचा प्रश्न होता, “पण ज्येष्ठांचं ऐकलं नाही तर बंडखोरी नाही का?” करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात संदेष्ट्यांनी दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी त्याची पारख करावी, असं आहे. म्हणजे डोक्यावर हात ठेवून मिळालेला शब्दही तपासायचाच असतो. ‘आईला सांगू नकोस’ ही तर उघड धोक्याची खूण. लपवून ठेवायला सांगणाऱ्या प्रेरणेबद्दल इग्नेशियसने वेगळा नियमच दिला आहे. आईच्या औषधाचे पैसे थांबवून ते देवाला अर्पण म्हणणं म्हणजे मार्क ७ मधलं ‘कुर्बान’, ज्याबद्दल येशूने परूशी धर्मपुढाऱ्यांना फटकारलं. पंडिता रमाबाईंबद्दलही बोलणं झालं, कारण तिच्या घरात त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव रोजचं. १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टरांना लिहिलेल्या पत्रांत रमाबाई आपल्या सद्सद्विवेकाचा अधिकार सोडायला तयार नव्हत्या. विश्वास मात्र त्यांनी सोडला नाही. पुढे अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं.

निर्णयाचं काम झोप सुधारल्यावर घेतलं. चार रकाने: आता नोकरी सोडण्याचे लाभ, तोटे, न सोडण्याचे लाभ, तोटे. मुद्दे मोजायचे नाहीत, वजन बघायचं. दहा किरकोळ लाभांवर एक आई भारी पडते. मग इग्नेशियसची आणखी एक रीत: अगदी अनोळखी बाई हाच पेच घेऊन आली तर तिला काय सांगाल? ती लगेच म्हणाली, “आधी आईशी बोल म्हणेन. आणि पाळकसाहेबांशी.” तेच तिने केलं.

आई रागावली, पण सेवेवर नाही. इतके दिवस लपवलं म्हणून. पाळकसाहेबांनी मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या चार माणसांची यादी दिली. नोकरी चालू ठेवून तीन महिने, रविवारी दुपारी दोन तास, असा प्रयोग ठरला. निर्णय प्रार्थनेत देवापुढे ठेवून आठ दिवस थांबायचं, ही पायरी लोक हमखास गाळतात. सभेच्या किंवा प्रार्थना-शिबिराच्या (रिट्रीटच्या) भरात सुचलेल्या बेतांना ती फार लागते, कारण भर ओसरताना आपलेच बेत त्यात मिसळतात आणि तेही देवाचेच वाटतात. तिने आठ दिवस वाट पाहिली. वहीतली झोपेची नोंद साडेसहा तासांवर स्थिर होती.

चाळिसावा दिवस त्या थांबण्यातच आला; तेव्हा तिची रात्रपाळी होती. त्या दिवसाची नोंद दोन ओळींची: ‘आईची साखर १३२. पहाटे नवीन पेशंट, त्याला आणि त्याच्या बायकोला चहा आणून दिला.’ पूर्णवेळ सेवेचा प्रश्न मिटलेला नाही. तो ती ईस्टरनंतर पाळकसाहेबांबरोबर पुन्हा उघडणार आहे, आणि या वेळी आईसुद्धा सोबत बसणार आहे.