नेपोलियनला कडी लावू नका

प्रश्न: मुलगी फ्रान्सला लियाँमध्ये असते, तिने तिथल्या एका दुकानातून माझ्यासाठी 20 फ्रँकचं सोन्याचं नाणं आणलं, नेपोलियन तिसऱ्याचं, 1859 चं. रेअर आहे सांगून दुकानदाराने सोन्याच्या भावापेक्षा बरेच जास्त घेतले. इथे सोनार म्हणतो 22 कॅरेट भरत नाही. खोटं आहे का? आणि घरचे म्हणतायत कडी लावून पुतळीसारखं गळ्यात घालू. – एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी कडी थांबवा. माझ्याकडे 1811 चं एक आहे, चेहरा अगदी सुरेख, पण वरच्या कडेला कडी जोडायला डाग दिल्याची खूण आहे, कोणीतरी लॉकेट केलं असणार, आणि त्या एवढ्याशा खुणेमुळे ते संग्राहकाच्या दृष्टीने नाणं राहिलं नाही, नुसतं सोनं उरलं. बघितलं की अजून जीव हळहळतो.

22 कॅरेट भरणारच नाही हो. 1803 च्या कायद्याने ही नाणी 900 टंचाची (हजारात 900 भाग सोनं) ठरली, बाकी बहुतेक तांबं, म्हणजे साधारण 21.6 कॅरेट. वजन 6.45 ग्रॅम, व्यास 21 मिलिमीटर, शुद्ध सोनं 5.8 ग्रॅम. बारीक काट्यावर वजन करा, कॅलिपर लावा, मग कडा भिंगाखाली फिरवा, तिथे उठावदार अक्षरात ‘दिए प्रोतेज ला फ्रांस’ (देव फ्रान्सचं रक्षण करो) असं फ्रेंचमध्ये दिसायला हवं. नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटवलं की मागची बाजू उलटी दिसते, घाबरू नका, फ्रेंच नाणी तशीच पाडायचे.

आता रेअर. मागे पानांच्या वेढ्याखाली अक्षर आहे ना, ती टांकसाळ. ए म्हणजे पॅरिस, बीबी म्हणजे स्ट्रासबुर्ग. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात सोनं सापडल्यावर 1850 नंतर फ्रान्समध्ये सोन्याचा नुसता पूर आला आणि ही नाणी भरमसाट पाडली गेली, त्यामुळे 1859 चं दोन्हींपैकी कुठलंही असलं तरी सहज मिळतं. जास्तीचे पैसे फक्त कंडिशनसाठी द्यायचे, नाण्यावरच्या चेहऱ्याचे कानावरचे केस सुटे सुटे दिसत असतील तरच. झिजून सपाट झाले असतील तर तुमच्याकडून जास्त घेतलेत, वाईट वाटतं पण खरं आहे.

जुनं म्हणजे दुर्मिळ असं नसतं, अक्षर आणि साल जोडीने बघायचं. पहिल्या नेपोलियनच्या काळात इटलीचा बराच भाग फ्रान्सकडे होता, तेव्हाची रोमची 1812-13 ची मुकुटवाल्या आर अक्षराची नाणी शोधावी लागतात. आणि माझं सगळ्यात आवडतं 1815 चं, फ्रान्सचा राजा अठराव्या लुईचं, त्यावरही आर आहे पण ते रोमचं नाही, ते पाडलं लंडनच्या टांकसाळीत, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या फौजेचे पगार द्यायला! शत्रूच्या देशात पाडलेलं फ्रेंच नाणं.

तुमचं नाणं चिंचेने घासू नका, पॉलिश नको, कडेने धरा. आणि मुलीला सांगा, पुढच्या वेळी 1815 चं दिसतंय का बघ.