न्यूजग्रुप फोल्डरसारखा उघडता येईल का?

प्रश्न : ताई, १९९७ साली अमेरिकेत नोकरीला असताना मी 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' या न्यूजग्रुपवर, म्हणजे युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाव्यवस्थेतल्या एका गटावर, रोज वाचायचो, लिहायचो. आता निवृत्तीनंतर पुन्हा युजनेटकडे वळलोय, एका सर्व्हरवर खातंही घेतलंय. पण न्यूजरीडरमध्ये, म्हणजे हे लेख वाचायच्या प्रोग्रॅममध्ये, शोधाशोध जमत नाही. पेनड्राइव्हसारखा सर्व्हरच माउंट केला तर ग्रुप म्हणजे फोल्डर आणि लेख म्हणजे फाइल, असं लिनक्सवर दिसेल का? मग ग्रेप (फाइलींमध्ये शब्द शोधणारी आज्ञा) मारता येईल.
— एक वाचक, सांगली

उत्तर : दिसेल. तुमच्या मनात आलंय ते युजनेटचं मूळचंच रूप आहे. मी १९९८ मध्ये पुण्यातल्या एका संस्थेत न्यूज सर्व्हर सांभाळायचे. तुमच्या ग्रुपचे लेख आमच्या डिस्कवर 'न्यूज/सॉक/कल्चर/इंडियन/मराठी' अशा एकात एक फोल्डरांत पडायचे. नावातल्या टिंबांच्या जागी तिरप्या रेघा आणि प्रत्येक लेखाची वेगळी फाइल. फाइलचं नाव म्हणजे नुसता आकडा. एकच लेख दोन ग्रुपांत टाकलेला असला तर फाइल एकच, हार्ड लिंक (त्याच फाइलीची नावं) दोन. एका सकाळी सर्व्हर नवे लेख घेईना. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणत होता आणि जागा मोजणारी 'डीएफ' आज्ञा तर डिस्कचा तिसरा हिस्सा मोकळा दाखवत होती. दोन तासांनी 'डीएफ -आय' करून पाहिलं तेव्हा कळलं, आयनोड, म्हणजे डिस्कवर प्रत्येक फाइलीसाठी लागणाऱ्या नोंदी, संपले होते. दोन-दोन केबीच्या लाखो फाइली, दुसरं काय होणार!

दूरचा सर्व्हर थेट माउंट करण्याचं सगळ्यात देखणं काम बेल लॅब्सच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये झालं. तिथल्या 'एनएनटीपीएफएस' या न्यूज सर्व्हर माउंट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक लेखाचं एक फोल्डर असतं आणि त्यात हेडर (लेखाच्या वरच्या माहितीच्या ओळी), बॉडी (मजकूर) आणि अख्खा लेख अशा फाइली. ग्रुपच्या फोल्डरात 'पोस्ट' नावाची फाइल असते. तिच्यात लिहिलं की लेख ग्रुपवर गेला. मला हे आजही फार आवडतं. लिनक्समध्ये २००५ पासून फ्यूज (साध्या प्रोग्रॅमला फाइल सिस्टिम बनवू देणारी सोय) आहे, त्यावर असंच काही उभं करता येतं.

तरी तुम्ही थेट माउंटच्या वाटेला जाऊ नका. तुम्हाला ग्रेप मारायचाय. एवढ्याशा फाइलीसाठीही ग्रेपला प्रत्येक वेळी सर्व्हरपर्यंत जाऊन यावं लागेल, आणि वीस हजार लेख म्हणजे तशा वीस हजार खेपा. शिवाय ग्रुप निवडल्यावर सर्व्हर पहिला आणि शेवटचा क्रमांक सांगतो, पण मधले सगळे लेख असतातच असं नाही. रद्द झालेला क्रमांक मागितला की ४२३, म्हणजे 'या क्रमांकाचा लेख नाही', हे उत्तर येतं. म्हणजे फोल्डरात दिसणारी फाइल उघडायला जावं तर ती नसतेच.

त्यापेक्षा 'लीफनोड' बसवा. हा घरच्या संगणकावरचा छोटा न्यूज सर्व्हर. 'फेचन्यूज' चालवलं की नवे लेख उतरवतो आणि जुन्या पद्धतीनेच, टिंबांच्या जागी फोल्डर करून, तुमच्या डिस्कवर ठेवतो. मग ग्रेप मारा हवा तितका.

दोन ठिकाणी मात्र पाय घसरतो. लीफनोड फक्त वाचले जाणारे ग्रुप आणतो, आणि वाचताय हे त्याला न्यूजरीडरमधून ग्रुप उघडला तरच कळतं. नुसता फोल्डर चाळत राहिलात तर आठवडाभराने तो ग्रुप आणणं थांबवेल. आणि सेटिंगमध्ये 'एक्सपायर'ची ओळ सक्तीची आहे. तिथे २० लिहिलंत तर 'टेक्सपायर' हा साफसफाईचा प्रोग्रॅम वीस दिवस न वाचलेल्या चर्चा झाडून टाकतो. म्हणून रोज रात्री आरसिंकने (फोल्डरांची नक्कल करणाऱ्या आज्ञेने) सगळं दुसऱ्या फोल्डरात उतरवून घ्या.

खुणेसाठी फाइलीचा आकडा लिहून ठेवू नका. तो त्या सर्व्हरपुरताच असतो, उद्या सर्व्हर बदललात की तोच लेख वेगळ्या आकड्याखाली येईल. हेडरमधला मेसेज-आयडी (लेखाची कायमची ओळखखूण) मात्र सगळीकडे एकच. हेडरमधल्या 'रेफरन्सेस'च्या ओळीत तो ग्रेप केलात तर त्या लेखाला आलेली उत्तरंही सापडतील. देवनागरी शब्द शोधताना कधीकधी काहीच हाती लागणार नाही, कारण पुष्कळ लेखांचा मजकूर बेस६४मध्ये, म्हणजे साध्या रोमन अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, बांधलेला असतो. तो आधी उलगडावा लागतो. १९९७ च्या रोमन मराठीला ती अडचण नव्हती.

तुमचे त्या काळचे लेख नव्या सर्व्हरवर बहुधा नसतील, ते गूगल ग्रुप्सवर शोधा. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे युजनेटचे नवे लेख येणं बंद झालंय, जुने वाचता येतात.