‘इफल्ज’ आणि गायत्रीतला भर्ग

पार्ल्याच्या एका वाचकांनी विचारलंय : ‘इफल्ज’ या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय, आणि सत्कार समारंभात निवेदक म्हणतात ते ‘इफल्जंट वेलकम’ बरोबर आहे का?

साफ चूक. दादर-पार्ल्याच्या सभागृहांत हे सारखं कानावर पडतं आणि दर वेळी डोकं फिरतं. त्यांना म्हणायचं असतं ‘इफ्यूसिव्ह’, म्हणजे भरभरून केलेलं. तो शब्द लॅटिन ‘फुंडेरे’वरून आला, अर्थ ओतणे. ‘इफल्ज’ आला ‘फुल्गेरे’वरून, अर्थ चमकणे. दोन्हींच्या आधी ‘बाहेर’ अर्थाचा ‘एक्स’ आहे आणि फ समोर आला की त्याचा ‘एफ’ होतो. साम्य तेवढंच.

नुसतं ‘चमकणे’ म्हणूनही भागत नाही. घासलेली समई लकाकते, सागरी सेतूवरचे दिवे दुरून लुकलुकतात. हे इफल्ज नव्हे. ढग सरले आणि सूर्याचं तेज चहूकडे उसळलं, ते इफल्ज. मराठीत प्रभा फाकते, ती हीच.

पण खरा आनंद मुळाशी आहे. संस्कृत भ तिथे लॅटिन फ : भ्राता–फ्रातेर. संस्कृत र तिथे पुष्कळदा लॅटिन ल : रुच्–लुक्स. हेच ‘फुल्ग्’ला लावून पाहा. भर्ग, म्हणजे तेज! गायत्री मंत्रातलं ‘भर्गो देवस्य धीमहि’, ऋग्वेद 3.62.10. भृगू ऋषींचं नावही मी याच घराण्यातलं मानतो. फुल्ग्–भृग्, अक्षराला अक्षर जुळतं.

इथे कुणीतरी सायणाचार्यांना पुढे करतंच. 14व्या शतकातल्या या भाष्यकारांनी भर्ग ‘भ्रस्ज्’ धातूवरून लावला : अविद्या भाजून काढतं ते भर्ग. आपलं ‘भाजणे’ त्याच धातूचं, म्हणून मराठी माणसाला हे चटकन पटतं. मला अजिबात मान्य नाही. ऋचेत सवित्याचं वरेण्य तेज आहे, भाजण्याचा मागमूस नाही. अर्थ आधी ठरवायचा आणि मग त्याला धातू चिकटवायचा, ही पद्धत भाष्यात चालते, व्युत्पत्तीत नाही.

भर्गशी जोडला जाणारा दुसरा संस्कृत धातू राहिला : ‘भ्राज्’, म्हणजे झळकणे. इंग्रजी ‘ब्राइट’ त्याचा सख्खा नातलग. हल्लीचे अभ्यासक भ्राज् आणि भर्ग यांची कुळं वेगळी ठेवतात, जुने कोशकार एकत्र घेत. मी जुन्यांच्या बाजूचा.