सोबतीला बसताना

प्रश्न: ऑफिसातल्या ट्रान्स मित्राची टॉप सर्जरी, म्हणजे छाती सपाट करण्याची शस्त्रक्रिया आहे. घरच्यांशी बोलणं तुटलंय, म्हणून पहिला आठवडा मी त्याच्याकडे राहणार आहे. नर्सिंगचं काही येत नाही. चालेल?

चालेल. नर्सिंगपेक्षा वेळेवरचा वरणभात जास्त लागतो. फक्त ड्रेन रिकामा करायला डिस्चार्जआधी सिस्टरकडून शिकून घ्या, नुसतं बघून नाही, स्वतःच्या हाताने करून. छातीतून नळीवाटे जे रक्तमिश्रित पाणी साचतं, ते किती मिली, डावं-उजवं वेगळं, वहीत लिहा. बरेच सर्जन ते चोवीस तासांत ३० मिलीच्या आत आलं की नळी काढतात. त्यांना तुमची वहीच पाहायची असते. पहिल्या दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगून ताठरली, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी फोन करा. आणि चहा-साखरेचे डबे आधीच खालच्या फळीवर आणून ठेवा. हात वर न्यायची मनाई असते, पण हे डबे कुणाला आठवत नाहीत!

प्रश्न: मैत्रिणीची योनीनिर्मितीची शस्त्रक्रिया झाली. डायलेशनच्या, म्हणजे साधन घालून नवा योनीमार्ग रुंद ठेवण्याच्या वेळी खोलीत थांबू का?

तिला विचारा. बहुतेकींना दार लावलेलं हवं असतं. सुरुवातीला हे दिवसातून अनेकदा करावं लागतं, टाळलं तर मार्ग आक्रसतो. तुमचं काम म्हणजे वेळेची आठवण, स्वच्छ टॉवेल आणि दाराबाहेर पहारा. ‘बघू, कसं झालंय?’ हे कधीच विचारायचं नाही. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर मात्र थेट कॅज्युअल्टी गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.

प्रश्न: हॉस्पिटल ‘रक्ताच्या नात्यातल्याचीच सही’ मागतंय.

शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःची. मुलगी भुलीखाली असताना आईची घेतलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ग्राह्य धरली नव्हती. तरी काउंटरवर वाद नको. सोबतीला कोण राहणार, कोणाला फोन करायचा, हे रुग्णाकडून आधीच लिहून घ्या.

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवसापासून मित्र सारखा रडतोय. निर्णय चुकला असेल का?

भूल, वेदना, अर्धवट झोप, आंघोळीलाही दुसऱ्यावर अवलंबून राहणं. अशात अॅपेंडिक्सचा रुग्णही रडतो, त्याला कुणी हे विचारत नाही. तुम्हीही विचारू नका. हिजडा घराण्यांत निर्वाणानंतर, म्हणजे लिंग काढण्याच्या विधीनंतर, चाळीस दिवस सांभाळायची रीत आहे. आपण मात्र आठवड्याभरात माणूस उठून बसावा अशी अपेक्षा करतो. रडणं थांबेना किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि त्याला एकटं ठेवू नका. एरवी शेजारी बसा, टीव्ही लावा.