फ्रीमन दांपत्य: जमिनीच्या कागदात ॲग्नेसचे नाव का नाही

आपल्या वंशवृत्तांतासाठी, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील डॅनियल आणि ॲग्नेस फ्रीमन या दांपत्याच्या जमिनीच्या कागदपत्रांत ॲग्नेसचे नाव कोठेच का नाही आणि दोघे १८६३ मध्ये एकत्रच पश्चिमेला गेले होते का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच दुसऱ्याचेही उत्तर आहे.

अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी स्वाक्षरी केलेला होमस्टेड कायदा, म्हणजे पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला ती सरकारकडून जवळजवळ मोफत देणारा कायदा, १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. त्याच दिवशी डॅनियलने ब्राउनव्हिल येथील भूमी कार्यालयात बीट्रिस गावाजवळच्या १६० एकरांसाठी अर्ज केला. पहिला अर्ज आपलाच व्हावा म्हणून मध्यरात्रीनंतर अधिकाऱ्याला गळ घालून त्याने कार्यालय उघडायला लावले, ही कथा रंजक आहे; पण त्या दिवशी इतरांनीही अर्ज केले होते, हे लक्षात ठेवून ती वाचावी. हा अर्ज एकट्या पुरुषाचा होता, कारण त्याचा ॲग्नेस सूटर हिच्याशी विवाह झाला तो १८६५ मध्ये. ती मिसिसिपीकाठच्या आयोवातील ल क्लेअर गावची. तिचे लग्न आधी डॅनियलच्या भावाशी ठरले होते. तो अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वारला, आणि पुढे पत्रव्यवहारातून डॅनियलशी तिचे जुळले. म्हणजे ‘दोघे मिळून बैलगाडीतून निघाले’ हे चित्र येथे लागू पडत नाही.

आता मुख्य कागद. पाच वर्षांचा वहिवाटीचा काळ संपल्यावर, १८६८ च्या जानेवारीत, जोसेफ ग्राफ आणि सॅम्युअल किलपॅट्रिक या दोन शेजाऱ्यांनी शपथेवर साक्ष दिली. आपल्याकडच्या पंचनाम्यासारखाच हा दस्तऐवज आहे आणि माझ्या मते कोणत्याही कौटुंबिक आठवणीपेक्षा तो अधिक बोलका आहे: चौदा बाय वीस फुटांचे, काही ओंडक्यांचे आणि काही फळ्यांचे एकमजली घर, दोन दारे, दोन खिडक्या, सुमारे ३५ एकर नांगरलेली जमीन, शंभर फूट लांबीचा मेंढ्यांचा गोठा, मक्याची कणगी, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडे. याच साक्षीत डॅनियल हा ‘पत्नी व दोन मुले असलेल्या कुटुंबाचा प्रमुख’ म्हणून येतो. ॲग्नेसचे अस्तित्व त्या एका शब्दापुरते नोंदले गेले आहे. विधवा किंवा अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे अर्ज करता येत असे, पतीसोबत राहणाऱ्या स्त्रीला सहसा नाही; म्हणून १८६९ चा अंतिम मालकीपत्राचा कागदही एकट्या डॅनियलच्या नावे निघाला.

जमिनीचे वर्णन वाचताना घाई करू नये. १६० एकर म्हणजे सहसा अर्धा मैल लांब-रुंद चौकोन, पण फ्रीमनच्या चाळीस-चाळीस एकरांच्या चार तुकड्यांपैकी तीन एका रांगेत आणि चौथा मधल्याच्या वर आहे. नकाशा काढला की उलटा ‘टी’ दिसतो. वृक्षहीन गवताळ प्रदेशात कब क्रीक या ओढ्याचे पाणी आणि काठचे लाकूड हाती यावे, हा त्यामागचा हिशेब असावा. ही भूमी ओटो आणि मिसूरिया या मूळनिवासी लोकांनी १८५४ च्या करारात सोडली होती, आणि त्यांची राखीव जमीन जवळच, बिग ब्ल्यू नदीकाठी होती. वंशवृत्तांतात हेही यायला हवे.

ॲग्नेससाठी जनगणनेकडे वळा. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) व्यक्तीचे नाव नोंदले जाऊ लागले, त्यामुळे लग्नापूर्वीचे तिचे माहेर १८५० आणि १८६० च्या यादीत शोधता येईल. १८९० ची बहुतेक पाने १९२१ च्या आगीनंतर उरली नाहीत. १९०० ची नोंद मात्र विवाहाला किती वर्षे झाली, किती मुले झाली आणि किती हयात आहेत, हे थेट स्त्रीच्या नावासमोर देते. डॅनियल १९०८ च्या डिसेंबरात वारला, ॲग्नेस १९३१ पर्यंत जगली. त्यामुळे तिच्या वैधव्याच्या बावीस वर्षांसाठी १९१० ते १९३० च्या तिन्ही जनगणना तपासा. त्यांत पतीच्या आडोशाशिवाय तिची स्वतःची नोंद सापडण्याची शक्यता सर्वाधिक आहे.